बँडला एका खोलीत बसायची गरज कधी संपली?

संगीत आणि टेक्नॉलॉजी असा विषय निघाला की बोलणं लगेच कॉम्प्युटरवर, ऑटोट्यूनवर आणि हल्ली तर थेट एआयवर जातं. पण बँड या प्रकाराचा पाया हलवणारी गोष्ट कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे आणि ती एकदा नीट कळली की पुढचं सगळं भराभर समजत जातं.

आधी एक साधा प्रश्न विचारूया, बँड लागतोच कशाला? माणसाला हात दोन आणि गळा एक, फार तर गिटार वाजवत गाता येईल, पण त्याच वेळी ड्रम, खालचे बेसचे सूर आणि मागचा कोरस हे सगळं त्यालाच कसं जमणार? म्हणून भरलेला आवाज हवा असेल तर चार-पाच माणसं पाहिजेत, एका ठिकाणी आणि एकाच वेळी. शेकडो वर्षं ही अट कुणी मोडू शकलं नव्हतं. गेल्या दीडशे वर्षांत संगीतात जी काही मशिनं आली त्यातल्या बहुतेकांनी या अटीचा एकेक टवका काढला, आणि बँड बदलला तो त्यामुळे.

एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. त्यानंतर १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगमध्ये वीज जवळजवळ नव्हतीच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माइक नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारं मेण. आवाजाने हवा हलायची, हवेने पडदा आणि पडद्याने सुई, बस. मग कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान हे ठरवायचं कसं? माणसं हलवून! गायक कर्ण्याच्या तोंडाशी, व्हायोलिनवाले त्याच्यामागे, ट्रम्पेटवाले पार मागच्या भिंतीला, आणि वरचा सूर जोरात लावायचा असेल तर गायकाने त्या क्षणापुरतं मागे सरकायचं. डबल बेसचे सूर सुईपर्यंत नीट पोचायचेच नाहीत म्हणून त्याच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा घ्यायचे, मोठ्या ड्रमचा दणका सुईला झेपायचा नाही म्हणून तो खोलीबाहेर आणि त्याऐवजी लाकडी ठोकळे. व्हायोलिनचा आवाज कमी पडतो म्हणून त्यालाच एक कर्णा बसवला, त्याला स्ट्रो व्हायोलिन म्हणतात, फोटो शोधून बघा. म्हणजे त्या काळच्या जॅझ बँडच्या ज्या रेकॉर्ड आज आपण ऐकतो, तो त्या बँडचा हॉलमधला खरा आवाज नाहीच, सुईला जेवढं झेपलं तेवढाच तो आहे. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, गाणं तीन मिनिटांत बसवायची सवय तिथलीच.

१९२५ नंतर माइक आला आणि हळू आवाजात गाणाऱ्यांचे दिवस आले. बिंग क्रॉस्बीसारखा गायक कानाशी बोलल्यासारखं गाऊ लागला, आणि पंधरा-सोळा वाद्यांच्या बँडपुढे ते ऐकूही येऊ लागलं. मग अ‍ॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रिक गिटार. १९५१ मध्ये फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला, माणसाएवढा डबल बेस उचलून न्यायचा त्रास संपला आणि आवाज हवा तेवढा वाढवता यायला लागला. मोठ्या बँडमध्ये इतकी माणसं असायची त्याचं एक कारण आवाज हेही होतं, हॉल भरायचा तर फुंकणारे जास्त लागायचे, ते काम आता वीज करायला लागली. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम ही चौकडी रॉक बँडची ठरून गेली त्यात या हिशोबाचा मोठा वाटा आहे.

पण इथपर्यंत सगळे एका खोलीतच आहेत. तो धागा तोडला टेपने.

मॅग्नेटिक टेपची चांगली मशिनं दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मनीत तयार झाली होती. युद्ध संपल्यावर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने तिथून दोन मशिनं आणली, आणि बिंग क्रॉस्बीने १९४७ मध्ये आपला रेडिओ कार्यक्रम लाइव्ह करायच्या ऐवजी टेपवर आधी रेकॉर्ड करून लावायला सुरुवात केली. टेप कात्रीने कापता येते, चिकटवता येते, चुकलेला भाग काढून टाकता येतो. तबकडीवर हे शक्यच नव्हतं. याच क्रॉस्बीने १९४९ मध्ये गिटारवादक लेस पॉलला अँपेक्स कंपनीचं एक टेप मशीन भेट दिलं आणि लेस पॉलने त्यात जास्तीचं एक हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, बसवून घेतलं. त्याचा उपयोग असा, की आधी वाजवलेलं ऐकत ऐकत त्यावर नवीन वाजवायचं आणि दोन्ही मिळून पुन्हा टेपवर घ्यायचं, असं करत एकटा माणूस सहा-सात गिटारचा ताफा उभा करू शकायचा. फक्त एक धोका होता, शेवटच्या थरात चूक झाली की आधीचं सगळं गेलं, कारण जुनं पुसूनच नवं लिहिलं जायचं. म्हणून मग आठ ट्रॅक, म्हणजे टेपवरच्या आवाजाच्या आठ पट्ट्या, शेजारी शेजारी स्वतंत्र राहतील असं मशीन अँपेक्सने बनवलं, ते १९५७ मध्ये लेस पॉलकडे आलं.

माझ्या मते खरा बदल हाच, पुढचं सगळं याच वाटेने झालंय. ट्रॅक वेगळे झाल्याबरोबर वाजवणारे वेगळे झाले, ड्रमर सोमवारी वाजवून जाणार, गायक पुढच्या महिन्यात येऊन गाणार, आणि ऐकणाऱ्याला वाटणार की दोघं समोरासमोर होते.

याचा परिणाम बीटल्सवर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुणावर दिसेल. ११ फेब्रुवारी १९६३ ला त्यांनी पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली, दोन ट्रॅकच्या मशीनवर, स्टेजवर वाजवायचे तशीच. चारच वर्षांनी आलेल्या सार्जंट पेपर अल्बमला साधारण ७०० तास लागले. मधे काय झालं? एकीकडे १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोकांसमोर ते वाजवत होते आणि स्टेजवर मॉनिटर नाही, म्हणजे स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाही अशी अवस्था, दुसरीकडे स्टुडिओत टेप उलटी फिरवा, वेग कमी करा, तुकडे जोडा असं वाट्टेल ते करता येत होतं. स्टेजची टेक्नॉलॉजी मागे राहिली आणि स्टुडिओची पुढे पळाली. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे बंद केले. कारणं बाकीचीही होती, पण स्टुडिओत ते जे करत होते ते चौघांना स्टेजवर वाजवता येण्यासारखं राहिलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता माणसं वेगवेगळ्या वेळी वाजवणार म्हटल्यावर लय कुणाची धरायची हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर म्हणजे क्लिक, हेडफोनमध्ये टिक टिक टिक टिक, सगळे त्याच्यावर. इथे जरा थांबू या, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. चार माणसं समोरासमोर वाजवतात तेव्हा लय घड्याळासारखी चालत नाही, मुखड्यावर येताना थोडी चढते, अंतऱ्यात बसते. आणि प्रत्येक मात्रेच्या आतही लोक थोडे मागेपुढे असतात. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली तर एक मात्रा म्हणजे अर्धा सेकंद, ५०० मिलिसेकंद. चांगला ड्रमर स्नेअर, म्हणजे ठेक्यातला तो कडक वाजणारा ड्रम, बऱ्याचदा दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा मारतो आणि त्यामुळे गाणं आरामात बसल्यासारखं वाटतं, बेसवाला त्याच्या हाताकडे बघून तेवढाच मागे राहतो. हे कुणी मोजून करत नाही, वर्षानुवर्षं एकत्र वाजवून येतं ते.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हेच ड्रम उभ्या रेघांच्या जाळीवर दिसतात. प्रत्येक फटका म्हणजे एक टोकदार डोंगर, आणि स्नेअरचा डोंगर रेघेच्या किंचित उजवीकडे. एक बटण दाबलं की सगळे डोंगर रेघेवर सरकतात, याला क्वांटाइझ करणं म्हणतात. डोळ्याला ते छान स्वच्छ दिसतं, आणि गडबड तिथेच होते, डोळा म्हणतो बरोबर झालं आणि कानाला कळतं की काहीतरी गेलं. क्लिक वाईट असं मी म्हणत नाही, क्लिकवर सुंदर वाजवणारे ढीगभर लोक आहेत, पण शंभर टक्के क्वांटाइझ केलेला ड्रम आणि त्यावर तसाच बेस ठेवला की त्या दोघांमधलं नातंच पुसलं जातं, मग बँड नक्की कशाला म्हणायचं?

टेपनंतरची दुसरी मोठी उडी मिडी. मिडीबद्दल लोकांचा हमखास गोंधळ होतो, मिडी म्हणजे आवाज नव्हे. तुम्ही कीबोर्डची पट्टी दाबली की केबलमधून फक्त निरोप जातो, ६० नंबरची पट्टी, १०० च्या जोराने, दाबली. सोडली की सोडल्याचा निरोप. पट्ट्यांचे नंबर ० ते १२७, एका केबलवर १६ चॅनेल. आवाज काय काढायचा ते पलीकडच्या मशीनने ठरवायचं, पियानो, बासरी, ड्रम, काहीही. म्हणजे ही आपोआप लिहिली जाणारी स्वरलिपीच. जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, एक सिक्वेन्शियल सर्किट्सचा आणि एक रोलँडचा, एका प्रदर्शनात एका केबलने जोडून दाखवले गेले, एकावर वाजवलं की दुसरा वाजत होता. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या त्या दोन कंपन्यांच्या संस्थापकांना त्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. ते स्टँडर्ड सगळ्यांसाठी खुलं ठेवलं म्हणून आजही त्या काळचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला जोडता येतो, आणि याबद्दल त्या लोकांचे आभार मानावे तितके कमी आहेत.

मिडीमुळे वाद्य कोणतं हा निर्णयसुद्धा पुढे ढकलता यायला लागला. आधी वाजवा, मग ठरवा व्हायोलिन की सेलो. एकटा माणूस पन्नास वाद्यांचा ताफा चालवू लागला.

ड्रम मशीनची गंमत वेगळी. रोलँड टीआर-८०८ हे १९८० मध्ये आलं आणि १९८३ मध्ये बंद झालं, साधारण १२ हजारच बनली, कारण तेव्हा लोकांना त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा वाटत नव्हता. मग ती सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागली, ज्यांच्याकडे स्टुडिओचे पैसे नव्हते अशा तरुणांनी उचलली, आणि त्या खर्जातल्या लांब घुमणाऱ्या फटक्यावर हिप-हॉप आणि डान्स म्युझिकचं सगळं घर उभं राहिलं. १९८२ मध्येच चरणजीत सिंग या सेशन वादकाने हेच मशीन आणि रोलँडची आणखी दोन मशिनं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर रागांचा एक अल्बम केला होता, तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही, २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण पुढे अ‍ॅसिड हाउस म्हणून जे गाजलं त्याच्याशी त्याचा आवाज कमालीचा जुळतो.

सॅम्पलिंग म्हणजे आधीच्या रेकॉर्डमधला तुकडा कापून त्यावर नवीन गाणं रचणं. यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. द विन्स्टन्स नावाच्या बँडच्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने मधे एकट्याने चार आवर्तनं वाजवली, जेमतेम सहा-सात सेकंद. तो तुकडा आमेन ब्रेक म्हणून ओळखला जातो, हजारो गाण्यांत तो वापरला गेला, जंगल आणि ड्रम अँड बेस हे संगीतप्रकार तर त्याच्यावरच वाढले. कोलमनला त्याचे पैसे मिळाले नाहीत, २००६ मध्ये तो गेला. सहा सेकंदांत त्याने जे दिलं ते जगभर वाजतंय आणि नाव कुणाला माहीत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

स्टुडिओ घरात आला तो कॉम्प्युटरमुळे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण सुरुवात कॅसेटने झाली. १९७९ मध्ये टास्कॅमने पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने त्यावर बँडसाठी कच्चे डेमो केले, मग बँडबरोबर वाजवून बघितले, पण घरच्या कॅसेटची मजा त्यात येईना, शेवटी १९८२ मध्ये ती कॅसेटच अल्बम म्हणून निघाली. नंतर कॉम्प्युटर आला, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेऊन आकडे साठवायचे ही सीडीची पद्धत घरातल्या मशीनला झेपायला लागली, १९९१ मध्ये प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, १९९६ मध्ये कॉम्प्युटरच्या आतच इफेक्ट चालवणारी व्हीएसटीची सोय, २००४ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकबरोबर गॅरेजबँड हे तसंच सॉफ्टवेअर. २०१९ मध्ये बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनी घरातल्या बेडरूममध्ये केलेला अल्बम पुढच्या वर्षी ग्रॅमीतला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला, त्यानंतर घरचं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चं काम हा समज टिकायचं कारणच उरलं नाही.

ऑटोट्यून १९९७ चं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीतून परत येणाऱ्या कंपनांचं गणित करायचे, तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. कंपन किती वेळाने पुन्हा तसंच येतंय ते बघायचं, त्यावरून सूर ओळखायचा, जवळचा ठरलेला सूर कोणता ते बघून आवाज तिकडे सरकवायचा. किती वेगात सरकवायचा ते आपल्या हातात, हळू ठेवलं तर कळतही नाही, वेग पूर्ण केला तर तो यंत्रासारखा तुटक आवाज येतो, शेर या अमेरिकन गायिकेने १९९८ मध्ये मुद्दाम तसा वापरला आणि तो जगभर पसरला. अडचण आपल्यासारख्या मींड घेणाऱ्या गळ्यांची होते. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, ऑटोट्यून वेगात लावलं की त्या उताराच्या पायऱ्या होतात, आणि आंदोलन, म्हणजे एकाच सुराचं हळुवार झुलणं, तर त्याला चूकच वाटते. तिथे ते बंद ठेवून हाताने जेवढं लागेल तेवढंच दुरुस्त करणारा इंजिनियर हवा.

मग इंटरनेट आहे तर एकत्र वाजवणंही ऑनलाइन का होत नाही? आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. स्टेजवर सहा मीटरवर उभा असलेला ड्रमर तुम्हाला १८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतोच, ते चालतं. पण हा उशीर २५-३० च्या पुढे गेला की दोघंही एकमेकांची वाट बघायला लागतात आणि लय हळूहळू खाली बसत जाते. आता फायबरमधून सिग्नल मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, हजार किलोमीटरला ५, हे फारसं नाहीच, पण साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज घेणारा-देणारा भाग, आवाज छोट्या गठ्ठ्यांत पाठवतं, आवाजाच्या २५६ मापांचा एक गठ्ठा म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद, तो जाताना एकदा आणि येताना एकदा, त्यात राउटर, वायफायची अडखळ, आणि व्हिडिओ कॉलवाली अ‍ॅप तर आवाज तुटू नये म्हणून मुद्दाम थांबवून ठेवतात. म्हणून २०२० च्या लॉकडाउनमध्ये जे चौकोना-चौकोनांचे एकत्र गाण्याचे व्हिडिओ आले ते सहसा लाइव्ह नव्हतेच, प्रत्येकाने घरी एका गाइड ट्रॅकवर एकेकटं गायलं आणि नंतर कुणीतरी ते बसवलं. जॅकट्रिप आणि जॅम्युलस अशी खास सॉफ्टवेअर आहेत, वायफायऐवजी केबल लावून आणि अंतर काहीशे किलोमीटरच्या आत असेल तर त्यावर खरंच वाजवता येतं, पण प्रकाशाच्या वेगापुढे कुणाचं काही चालत नाही, अर्ध्या जगापलीकडचा ड्रमर आणि तुम्ही तंतोतंत एका लयीत लाइव्ह वाजवणार नाही.

एआयचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. एक, मिसळलेला आवाज सुटा करणारं. बीटल्सच्या जॉन लेननच्या १९७० च्या दशकातल्या एका कॅसेटवर आवाज आणि पियानो एकमेकांत अडकलेले होते, १९९५ च्या आसपास प्रयत्न करून सोडून दिला होता, मशीन लर्निंगने गळा वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये ते गाणं बीटल्सच्या नावाने आलं. यात गाणारा माणूस खरा, वाजवणारे खरे, मशीनने फक्त धूळ झटकली. दुसरा प्रकार सुनो या अ‍ॅपसारखा, चार ओळी लिहा आणि गळ्यासकट अख्खं गाणं बाहेर. २०२५ मध्ये व्हेल्वेट सनडाउन नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांच्या वर ऐकणारे मिळाले, आणि मग कळलं की बँड नाहीच, गाणी आणि फोटो सगळं एआयचं. ड्रम मशीनशी याची तुलना लोक करतात ती मला मान्य नाही, ड्रम मशीनमध्ये प्रत्येक फटका कुठे पडायचा हे कुणीतरी माणूस ठरवत होता, इथे ते ठरवणारंच कुणी नाही. त्या दहा लाख लोकांनी गाणी ऐकली यात त्यांची काही चूक नाही, पण त्यांना आधी सांगायला हवं होतं.

आणि म्हणूनच क्रेडिट्स. एलपीच्या मागच्या बाजूला बेस कुणी वाजवला, ड्रम कुणी, इंजिनियर कोण हे छापलेलं असायचं, निदान चांगल्या कंपन्या तरी छापायच्या. स्ट्रीमिंगवर फक्त मुख्य नाव आणि चौकोनी चित्र उरलं. स्पॉटिफायवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांत क्रेडिट्स हा पर्याय असतो, तो उघडून बघत जा. बऱ्याच गाण्यांत तिथे एकाच माणसाचं नाव पाच वेळा दिसेल, काहींत ड्रमरच्या जागी प्रोग्रॅमिंग लिहिलेलं असेल, आणि काहींत वाजवणाऱ्यांची जागाच रिकामी असेल. आपल्या ओळखीतला कुणी बँड गाणं अपलोड करत असेल तर त्याला सांगा, फॉर्ममधले ते रकाने भरायला दहा मिनिटं लागतात, ज्याने ज्याने वाजवलंय त्या प्रत्येकाचं नाव टाक.